वीतभर ढील

खालच्या मजल्यावरचे काका विमानाकडे मान वर करून कधीच बघत नाहीत. उलव्याच्या नव्या विमानतळाकडून विमान आलं की आमची सोसायटी गच्चीवर धावते. काका मात्र संध्याकाळी करावेच्या खाडीकाठी, स्वतः बांधलेल्या ग्लायडरमध्ये जाऊन बसतात. अगदी जुन्या काळच्या शिकाऊ ग्लायडरसारखा आहे तो. कापडी पंख, जमिनीला टेकलेली लांब फळी आणि तिच्यावर उघड्यावरच एक पाट. दुसरा पाट नाहीच. त्या काळी शिकवणारा खाली राहायचा आणि शिकणारा एकटाच वर जायचा.

काका चपला फळीपलीकडे जोडून ठेवतात, चष्मा खिशात घालतात आणि मला म्हणतात, "गाठ बघा." ग्लायडर होडीच्या दोराने खुंट्याला बांधलेला असतो. वाऱ्याने पंख कलला की काका पाटापुढचा दांडा हळूच हलवून तो सरळ करतात. बस, एवढंच. त्यांना बघता बघता मलाही अंगाचं वजन जाणवेनासं होतं.

सुकट वाळवणारी मावशी रोज विचारते, "कवा उडनार हाय, काका?"

"घाई नाय. आधी वाऱ्यात बसायला शिकायचं."

काल त्यांनी गाठ बघायला सांगितलंच नाही. मीच वाकलो. गाठ पक्की होती, पण दोराला वीतभर ढील दिलेली होती. काका खाडीकडे बघत होते. मी दोर ओढला नाही.

वारा आला. मावशीचे हात थांबले. आणि फळी न् जमिनीमधल्या फटीतून मला पलीकडच्या त्यांच्या चपला दिसल्या.