काठकाकांचं विवर

कसे आहात, असं कुणी विचारलं की काठकाका "मजेत" म्हणत नसत. "काठावर," म्हणत आणि जिना चढू लागत. सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या इमारतीत नव्याने राहायला आलेल्या माणसाला वाटे, म्हातारा शेवटचे दिवस मोजतोय. आम्हाला ठाऊक होतं, ते चंद्रावरच्या एका काठाबद्दल बोलताहेत. आता वाटतं, दोन्हींबद्दल बोलत असावेत.

तो काठ कोन नावाच्या एका लहानशा विवराचा. माणसं चंद्रावर तिसऱ्यांदा उतरली, तेव्हा हे विवर त्यांच्या यानापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. दोघं अंतराळवीर एक हातगाडी ओढत त्याच्या काठाकडे चढू लागले. तिथे झाड नाही, घर नाही, धुकं नाही; त्यामुळे जवळ काय आणि लांब काय ते कळत नाही. काठ आला असं वाटे आणि पुढे आणखी एक चढ निघे. दम लागला, वेळ संपत आला आणि पृथ्वीवरून सांगणं आलं, आता फिरा. ते फिरले. नंतर फोटो तपासले तेव्हा समजलं, काठ जेमतेम तीस मीटरवर होता.

"स्वारगेटला रस्ता ओलांडायला याहून जास्त चालावं लागतं," काका म्हणत. मग आवाज खाली आणून, "पण परत फिरा म्हणणाऱ्याचं चुकलं नव्हतं हं. तो नियमाला धरूनच बोलला." हे वाक्य त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल. मी तेव्हा हसत असे.

विमा कचेरीतून निवृत्त झाल्यावर आणि काकू गेल्यावर काकांनी ठरवलं, ती जागा आपण स्वतः बघायची. विवर दुर्बिणीत दिसण्याइतकं मोठं नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण त्यातून उडालेला दगडांचा चुरा पांढरा आहे, आणि पौर्णिमेच्या आसपास त्याचा ठिपका दिसू शकतो, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी आरसा मोठा हवा. तो त्यांनी घरीच घासायला घेतला. एका पिंपावर दोन जाड काचा एकमेकींवर ठेवायच्या, मध्ये पाणी आणि खरखरीत पूड घालायची आणि पिंपाभोवती फिरत घासत राहायचं. वरची काच हळूहळू खोलगट होत जाते. दुपारभर तो खर्र खर्र आवाज भिंतींतून येई. तळमजल्यावरच्या लेलेबाई विचारत, "काका, दळण संपलं का?"

"पीठ अजून जाड येतंय, बाई."

दळण काही वर्षं चाललं. तेवढ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. काका मला जिन्यात भेटले. म्हणाले, "अहो सेक्रेटरी, नजरेचा काठ आत यायला लागलाय. बाजूचं दिसत नाही. पण दुर्बिणीला मधलंच लागतं, म्हणून घाई करतोय." त्या दिवसापासून खर्र खर्र सकाळीही ऐकू येऊ लागली. ती थांबली की मला उगीचच धास्ती वाटे.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं होतं, सह्या व्हायच्या होत्या. आमच्या पेठेत एकदा हे ठरलं की त्या इमारतीत कुणी खिळाही ठोकत नाही. पाडायचंच आहे तर खर्च कशाला? गच्चीचा पश्चिमेकडचा कठडा खचला होता, एका ठिकाणी तर पडलाच होता. सभेत विषय निघाला तेव्हा मीच म्हणालो, "आता कशाला?" सगळ्यांनी माना डोलावल्या. काकांनीही.

आरसा तयार झाला. लाकडी नळीची दुर्बीण गच्चीवर उभी राहिली. पौर्णिमेला दोन दिवस होते. संध्याकाळी मी वर गेलो, तर काका रोख जुळवत होते. नळीकडे बघत ते एक पाऊल मागे सरकले, मग आणखी एक. त्यांची टाच पडलेल्या कठड्याच्या विटांवर होती. मी धावत जाऊन दंड धरला. त्यांना काहीच कळलं नव्हतं. "काय झालं?" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी गच्चीला कुलूप लावलं.

काका दारात आले. "चावी द्या."

"काका, कठडा बांधून घेतो. मग खुशाल बघा."

"मला पुढची पौर्णिमा नको, सेक्रेटरी. हीच हवी."

"नियमाने मला तसं करता येणार नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणजे माझ्या चेहऱ्याच्या जरा डावीकडे. "बरोबर आहे," म्हणाले आणि भिंत चाचपत गेले. दार लावल्यावर माझी बायको म्हणाली, "अहो, तासभर त्यांचा सदरा धरून उभं राहायचं होतंत की." मला ते सुचलंच नव्हतं. आजही रस्त्यात चालताना ते वाक्य मध्येच आठवतं आणि मी थांबतो.

गवंडी मिळेपर्यंत आभाळ भरून आलं आणि चार महिने चंद्र दिसला नाही. कठडा मात्र छान झाला. दिवाळीच्या आधी आभाळ मोकळं झालं, तेव्हा मी स्वतः काकांना वर नेलं आणि सदरा मुठीत धरून उभा राहिलो. समोर चंद्र लख्ख होता. त्यांनी डोळा लावला. नळी जरा इकडे, जरा तिकडे हलवून पाहिली.

"उजेड दिसतोय," शेवटी म्हणाले. "चंद्र दिसत नाही. तुम्ही बघा."

कुठे बघायचं ते त्यांनी पाठ असल्यासारखं सांगितलं. मी बघितलं. सगळंच पांढरं होतं आणि हवेने थरथरत होतं.

"नाही दिसत, काका."

"खोटं बोलला असतात तरी चाललं असतं," ते म्हणाले आणि जिन्याकडे वळले.

इमारत पाडली तेव्हा काका मुलीकडे बाणेरला होते. तिथून फोन करत. "पायाचा खड्डा किती खोल गेला?" मी घराच्या जागी जाऊन कुंपणाच्या पत्र्यांच्या फटीतून बघत असे. आत अंधार, पंपाची घरघर, आणि पायाखालची जमीन किती आत पोखरली आहे ते कळत नसे. "अजून खाली चाललाय," मी सांगे. "काठाला जपा," एवढंच म्हणून ते फोन ठेवत. माघात तेही फोन थांबले. काका गेल्याचं मुलीने कळवलं.

बिल्डरने परवा नव्या इमारतीचं रंगीत चित्र आणून दिलं. गच्चीला छातीएवढा कठडा आहे, कुंड्या आहेत, बाक आहेत. बायकोने ते निरखलं आणि माझ्या हातात दिलं. चित्रात गच्चीचं दार सताड उघडं आहे. जुन्या कुलपाची चावी अजून माझ्या जुडग्यात आहे.