धनराजची रजा

१९९९ च्या हिवाळ्यात माझी पोस्टिंग उंचावरच्या एका फील्ड हॉस्पिटलात होती. मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये कॅप्टन. आज गोंदियाजवळ कुडव्याच्या घरी नातवंडं मला साखर चोरताना पकडतात, पण तेव्हा मी अशी ताठ चालायची की जणू हिमालय माझ्याच सहीने उभा आहे. गाव विचारलं की सांगायची, "नागपूरजवळ." गाव कामठा, जिल्हा गोंदिया. नागपूर तिथून रेल्वेने तीन तास.

एका सकाळी चौकीवरून स्ट्रेचर आलं. शिपाई धनराज, रात्रभर बर्फात अडकलेला. अंग लाकडासारखं. थरथरसुद्धा थांबलेली. दोन सोबती त्याचे हातपाय जीव खाऊन चोळत होते, तिसऱ्याने रमची बाटली उघडली होती.

"हात काढा. हलवू नका. बाटली बंद."

चोळलं की हातापायांतलं गार रक्त हृदयाकडे जातं आणि हृदय बंद पडू शकतं. आम्ही ओले कपडे कापले, त्याला आडवाच ठेवला आणि आधी छाती-पोट उबेत आणलं. कोरडी ब्लँकेटं, कपड्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशव्या. दुपारी त्याने डोळे उघडले. माझ्याकडे निरखून पाहिलं.

"मॅडम, तुमी कामठ्याच्या वांगेवाल्या बाईची पोरगी ना?"

अख्खा वॉर्ड हसला. पोरगा माझ्याच गावचा निघाला. माझं नागपूर तिथेच संपलं.

पुढच्या मे महिन्यात आम्ही दोघंही रजेवर गावी होतो. त्याच्या धाकट्या भावाचं लग्न होतं. धनराज आदल्या संध्याकाळीच पोचला. भर दुपारी वरात विहाराकडे निघाली. तो बँडपुढे नाचत होता, अंगात जाड लोकरी कोट. फौजी म्हटला की लग्नात कोट हवाच, असं आमच्याकडे होतं. मी सावलीतून ओरडून सांगितलं, कोट काढ. त्याने सॅल्यूट ठोकला आणि नाचत राहिला. बर्फातल्या महिन्यांत त्याचं शरीर आमचं ऊन विसरलं होतं.

थोड्या वेळाने तो घोड्यावरच्या भावाला अडवून, चौकीवर पहाऱ्याला असल्यासारखा, पासवर्ड विचारू लागला. लोक हसले. मी हसले नाही, औषधांची बॅग आणायला घरी धावले. तेवढ्यात तो कोसळला.

मी त्याच्या घरी पोचले तेव्हा दार बंद, तो खाटेवर, अंगावर गोधड्यांचा ढीग. आईनेच घातल्या होत्या. ब्लँकेटांनी आपण वाचलो, हे त्यानेच तिला पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. कातडी तव्यासारखी, कोरडी. थर्मामीटरचा पारा टोकाला जाऊन थांबला. मी गोधड्या फेकल्या, कोट कापला, वरातीच्या पाण्यात टाकायला आणलेली बर्फाची लादी मागवली. आई आडवी आली.

"पोरी, पानी नोको टाकू त्याच्यावर. थंडीनंच मरून राहिला होता ना थो?"

"काकी, सरका. आता याले थंडाच करा लागते. थंडा झाला तरच वाचंल."

 तिने बादली स्वतः उचलली.

बायका पाणी ओतत होत्या, गडी सुपांनी वारा घालत होते. मी मान, काखा, जांघेत बर्फ लावला. शुद्ध नव्हती, म्हणून तोंडात कुणाला थेंबही घालू दिला नाही. त्याला झटके आले. ओल्या चादरीत घालून आम्ही जीपने गोंदियाला निघालो. आई पायाशी बसली.

गोंदियाच्या अलीकडे नाडी माझ्या बोटांखालून गेली. मी छाती दाबत राहिले. हात चालेनासे होईपर्यंत दाबली. मग थांबले.

आईने त्याच्या तळव्यांवर हात ठेवला. तिचा चेहरा उजळला.

"पाय थंडे झाले पोरी. आता बरा हाये ना थो?"

ड्रायव्हरने आरशात पाहिलं. "मॅडम, और तेज करूँ?"

"नको," मी म्हटलं. "हळू चल."

त्याने हॉर्नवरचा हात काढला. आईला वाटलं, पोराला धक्के बसू नयेत म्हणून.

तो रजेवर असताना गेला, त्यामुळे युनिटच्या स्मारकावर शिपाई धनराजचं नाव नाही. मे महिन्यात कुडव्यातून वरात निघाली की मी रस्त्यावर जाते आणि कोट घातलेल्या प्रत्येक पोराला कोट काढायला सांगते. पोरं मला येडी म्हातारी म्हणतात. काही जण काढतात.