तीन बोटांचा राजीनामा

शंतनु पुण्याहून बंगळूरला, कोरमंगलाला आला, तेव्हा आमच्या कंपनीत माणसं चक्क माउस हलवून कामं करत होती. एवढा मागासलेपणा त्याला बघवेना. तो डिझायनर, हातात टॅब्लेट, डोक्यात भविष्य. त्याने टेबलाटेबलावर टचस्क्रीनचे संगणक आणवले, माउस गोळा करून खोक्यात भरले आणि ऑफिसचं सॉफ्टवेअर असं बदललं, की पडद्यावर पोळपाटाएवढे चौकोन आले. पूर्वी महिन्याचा हिशेब एका नजरेत दिसायचा. आता चार चौकोन दिसत, बाकीचं बोटाने सरकवत शोधायचं.

मी हिशेबाच्या टेबलावर. दिवसभर हात समोर उचलून खांदा भरून यायचा. तक्रार केली तर म्हणाला, "शुभदाताई, तुम्ही अजून माउसच्या माइंडसेटमध्ये आहात." माझा खांदाही त्याच माइंडसेटमध्ये असावा.

त्याची सगळ्यात लाडकी करामत म्हणजे मंजुरी. पडद्यावर तीन बोटं आडवी ओढली, की समोर उघडा असलेला अर्ज मंजूर. 'खात्री आहे का?' असं विचारणारी पाटी त्याने काढून टाकली, रद्द करायची सोयही काढली. या दोन्हींमुळे म्हणे स्क्रीनचं सौंदर्य बिघडत होतं.

शेवटी वासंतीअक्काने त्याला सांगितलं, दसऱ्यानंतर माउस परत येणार. अक्का आमची एचआर प्रमुख, माझ्यासारखीच चामराजपेटच्या जुन्या मराठी घरातली. शंतनुने बाणेदारपणे राजीनाम्याचा अर्ज टाकला. जायचं त्याला मुळीच नव्हतं. बायकोलासुद्धा त्याने काही सांगितलं नव्हतं. अक्का ओळखून होती. "पोरगं तापट आहे, स्वल्प थंड होऊ दे," म्हणून तिने अर्ज तसाच ठेवला.

आयुधपूजेच्या सकाळी तिने त्याला केबिनमध्ये बोलावलं. मीही होते. त्याच्यासमोर अर्ज नामंजूर करून पेढा द्यायचा, असा तिचा बेत. तिने पडद्यावर अर्ज उघडला, तेवढ्यात आमचे जुने शिपाई देवाप्पा भस्माची वाटी घेऊन आत आले. त्या दिवशी ऑफिसातल्या प्रत्येक यंत्राला हार आणि भस्म लागतं, आणि बंद यंत्राची पूजा देवाप्पांना चालत नाही. अक्का हात जोडून बाजूला झाली. देवाप्पांनी ओल्या भस्मात तीन बोटं बुडवली आणि पडद्यावर भक्तिभावाने तीन आडवे पट्टे ओढले.

'अर्ज मंजूर.' मुख्य कार्यालयाला मेलही गेला.

देवाप्पा पुढच्या टेबलाकडे गेले. अक्काचा चेहरा उतरला. "सरी, असू दे, घाबरू नको. मुख्य कार्यालयाला दोन ओळी लिही, स्क्रीन चुकली म्हणून. आजच्या आज तुला परत घेते."

शंतनु पडद्याजवळ वाकून बघत होता. "पण स्क्रीन चुकली नाही ना, अक्का. ओली बोटं, वर भस्म, तरी फर्स्ट अटेम्प्टमध्ये ओळखलं."

"अरे, नोकरी जातेय तुझी!" मी ओरडलेच. हा माणूस कधी एकदा जातो असं मला झालं होतं, आणि त्या क्षणी त्याने दोन ओळींची थाप मारावी असं मनापासून वाटत होतं.

"चुकली असं मी लिहिणार नाही," तो म्हणाला आणि त्याने मोबाइल काढला. बायकोला फोन करतोय असं आम्हाला वाटलं. त्याने पडद्याचा फोटो घेतला, पुढच्या मुलाखतीत दाखवायला.