पोस्टरवरचा वीर

नांदुऱ्यात सीडीचं दुकान चालवणारे काका बोलताना डोळे मिटत, त्यामुळे समोरच्याला नाही म्हणता येत नसे. मला तर नाहीच. बीटी कपाशीच्या प्रचारासाठी ते गावोगावी सिनेमे दाखवत. परवानगीशिवाय लावलेल्या एका नव्या सिनेमापायी पोलिसांनी प्रोजेक्टर उचलून नेला होता. तो कसाबसा सुटल्यापासून ते कॉपीराइटचे हक्क संपलेलेच सिनेमे लावत आणि ते शोधायला मला बसवत.

धामणगाव बढे गावातल्या खेळासाठी मी चित्रकथेवरचा एक जुना सिनेमा शोधला. "साठ वर्षं उलटलीत, सिनेमा सगळ्यांचा झाला," मी पुटपुटले. "पण मुखवट्यावाल्या वीराचं चित्र अजून चित्रकथा छापणाऱ्यांचं आहे. पोस्टरवर नको."

"म्हंजे पिच्चर आपला अन् हिरो त्यायचा?" त्यांनी डोळे मिटले. "बरं ताई, मी हाय ना."

त्यांनी पोस्टरवर स्वतःलाच रंगवलं: मुखवटा, मिशा, ढेरी.

सिनेमा अर्धा झाला तरी पोस्टरवरचा वीर येईना, तशी माणसं भडकली. "काऊन हो, ढेरीवाला कुठी हाय?" एकाने उपटायला प्रोजेक्टरची वायरच धरली.

काकांनी तोंडाला रुमाल बांधला आणि पडद्यापुढे जाऊन पडद्यावरच्या गुंडांना ठोसे हाणू लागले. लोक शिट्ट्या वाजवत होते. काकांची नजर मात्र वायरीवर होती. ती त्या माणसाच्या हातून सुटली, तेव्हाच त्यांनी शेवटचा गुंड पाडला.