काविळीची माळ

परवा नांदेडच्या भाजीबाजारात ओल्या देठांचा कडवट वास आला आणि वडिलांच्या गळ्यातली माळ आठवली. त्यांचे डोळे पिवळे झाले तेव्हा कंधारजवळच्या एका म्हातारीनं कसल्याशा झाडाच्या ओल्या काड्या दोऱ्याच्या गाठींत बांधून ती घातली होती. माळ खाली येईल तशी कावीळ उतरते, म्हणाली. महिनाभर रोज सकाळी मी ती बोटांनी मोजायची. शेवटी पोट दुखायला लागलं म्हणून लातूरला नेलं, तर डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस काय केलं?" वडील खुशीत म्हणाले, "कावीळ उतरून राहिली की साहेब. माळ बेंबीपर्यंत आली. आमची लेक मोजती ना रोज." डॉक्टर माझ्याकडे वळले. हळूच म्हणाले, "लिव्हरमधल्या पित्तनळीचा कॅन्सर आहे. बाहेर पसरलाय. आधी आला असता तर ऑपरेशनचं बघता आलं असतं." वडिलांनी माळ शर्टाच्या आत सारली. ओल्या काड्या सुकल्या की आकसतात, गाठी सैल पडतात आणि माळ आपोआप लांबते. मी शाळेत विज्ञान शिकवते. तेव्हाही शिकवत होते.