वन्संनी राखलेली मुळं

वन्सं गेल्याचा निरोप आंबीहून आला तेव्हा मी गोठ्यात होते. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. विधवा होऊन माहेरी आल्या, लोणावळ्याजवळ आमच्यातच राहिल्या. शेवटची काही वर्षं मात्र आंबीला लेकीकडे होत्या. निरोप ऐकून दारात माणसं जमली, त्यात निलगिरीच्या कामावरचा मुकादमही होता. तो म्हणाला, "सुटली बिचारी. तशी कामातनं ती आधीच सुटल्याली." दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसल्या. महिना होऊन गेला, ते हसू अजून माझ्या कानांतून जात नाही.

आमच्या गायरानावर बंगल्यातल्या साहेबानं निलगिरी लावली. तिच्या वासानं हिवताप पळतो म्हणे. हिवताप काही गेला नाही, गुरांचा चारा मात्र गेला. रोपांभोवतालचं रान मुळासकट खुरपायला आम्हा गावच्याच बायकांना लावलं. वन्संच्या वाट्याला ओढ्याकडच्या ओळी आल्या. त्या मारवेलीचं गवत, धायटी-करवंदीची झुडपं जमिनीलगत कापायच्या आणि वर माती सारायच्या. रान साफ दिसायचं. पंधरा दिवसांनी पुन्हा फुटवे. एकदा मुकादमानं पकडलंच.

"मुळं कुनी काढायची? तुझ्या बानं?"

"मुळं काढली तर गुरांनी काय खायाचं, मुकादम? ह्या झाडाला शेळी बी तोंड लावंना."

"सायबाला सांगू का?"

"सांगा की. सायबाच्या च्यात दूध कुटनं येतंय, ते बी सांगा."

त्याच दिवशी त्यांना कामावरून काढलं. पुढं पावसानं खुरपणी थांबली, त्यांच्या ओळी तशाच राहिल्या. मुकादमानं सगळ्यांदेखत मला विचारलं, ही खरंच गुरांसाठी मुद्दाम करते, की आळस झाकायला गुरांचं निमित्त सांगते? मला सगळं ठाऊक होतं... मी मान खाली घातली. तो म्हणाला, आळसच. गावानं तेच धरलं. पहाटेपासून राबणाऱ्या बाईला कामचुकार म्हणायला कुणाची जीभ अडखळली नाही. टोमण्यांना कंटाळून त्या आंबीला गेल्या. जाताना मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता निलगिरी उंच झाली. आम्ही खुरपलेल्या ओळींखाली नुसता पाचोळा आहे. वन्संच्या ओळींखाली मारवेल गुडघाभर. आणि साहेब पाहुण्यांना सांगतो, माझ्या झाडांच्या सावलीनं गवत आलं! गाव माना डोलावतं.

परवा शेजारची सखू तिथूनच भारा घेऊन येताना दिसली. म्हणाली, सायबाची किरपा. माझा आवाज एरवी चुलीपलीकडं जात नाही. पण तिला हाताला धरून ओढ्याकडं परत नेलं. एका धायटीच्या बुडाची माती बोटांनी उकरली. जाड बुडख्यावर कापल्याच्या जुन्या खुणा होत्या, एकावर एक चार. दर खुणेखालून नवा फुटवा.

"आळशी मानूस एखाद्या येळी मूळ सोडतं, सखू. चार येळा कापून चारी येळा मूळ कोन ठेवतं?"

सखूनं भारा खाली उतरवला आणि खुणा स्वतः मोजल्या.

उद्या मुकादमाला तिथं न्यायचं आहे. त्याच्यापुढं बोलताना माझी मान खाली जाईल... जाऊ दे. खुणा खालीच आहेत.