ताण सोमवारीच तुटला

काही केसेस फाईल बंद झाली तरी बंद होत नाहीत. मोर्शीकडची संत्र्याच्या बागेची ही केस तशीच. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी राजापेठेत फळांच्या गाडीवर संत्री दिसली की ती आठवते आणि उगाच थकल्यासारखं होतं.

सकाळची हजेरी चालू असताना एक शेतकरी ठाण्यात आला. पिशवीतून पिवळी, मुडपलेली पानं काढून त्यानं माझ्या टेबलावर ठेवली.

"साहेब, आठ वर्षांची झाडं हायेत. लेकरावानी वाढवली. सारी वाळून राह्यली. कोनंतरी औषध टाकलं."

त्या बागेवरच त्याचं घर चालत होतं. पंचनामा केला, ठिबकच्या टाकीतला गाळ तपासणीला पाठवला. तणनाशक निघालं.

खबर मिळाली ती कृषी केंद्राच्या म्हाताऱ्या चाचांकडून. "साहब, त्याच्या शेजाऱ्याची बायको आजवर हातानं निंदन करते. मंग त्यानं तणनाशक काहून नेलं असन?"

हा शेजारी फिर्यादीच्याच चर्चचा कारभार पाहणाऱ्या मंडळातला वयस्क पंच. दोघांचे धुरे, म्हणजे शेतांचे बांध, लागून. मी स्वतः ख्रिस्ती घरातला, म्हणून मला हे जरा जास्तच लागलं. हंगामाच्या उपासनेला आमच्यात पहिलं पीक वेदीपुढे आणतात. दरवर्षी पाळकसाहेब फिर्यादीच्या संत्र्यांचं कौतुक करत, आणि हा पुढच्या बाकावरून मोठ्यानं आमेन म्हणे.

त्याला बोलावलं. जबाबात म्हणाला, महिनाभर त्या बागेकडे फिरकलोच नाही. मारझोडीवर माझा कधीच विश्वास नव्हता. मार खाणारा माणूस तुम्हाला हवं तेच बोलतो. मी चहा मागवला आणि शेतीच्या गप्पा काढल्या. संत्र्याला बहर यावा म्हणून काही दिवस पाणी बंद ठेवून झाडाला ताण देतात, मग पहिलं पाणी सोडून तो तोडतात. फिर्यादीनं गावात गुरुवार सांगितला होता. पण वीज जाणार असं कळल्यावर त्यानं कुणाला न सांगता सोमवारीच पाणी सोडलं होतं.

मी सहज म्हणालो, "गुरुवारी त्यानं ताण तोडला, त्या दिवशी तुम्ही..."

"गुरुवारी नाई साहेब, सोमवारी."

संत्रेवाल्याला ताणाचा चुकलेला वार सहन होत नाही. ठिबकचं पाणी रस्त्यावरून किंवा धुऱ्यावरून दिसत नाही, झाडाखाली वाकावं लागतं. त्याच्याही ते लक्षात आलं. कप खाली ठेवून तो रडायला लागला.

"पयले वाटे, मले अशी बाग पाह्यजे. मंग वाटे, हेच पाह्यजे. शेवटी वाटलं, मले नाई तं त्यालेबी नको. दुपारी तो जेवाले गेला, न् मी टाकीत ओतलं. चर्चमधी लेकराईले दहा आज्ञा मीच शिकवतो, साहेब."

मला त्याचा भयंकर राग आला, आणि कीवही आली.

त्या आज्ञा मीही लहानपणी पाठ केल्या. खून, चोरी, खोटी साक्ष, यांना आमच्याकडे कलमं आहेत. शेजाऱ्याच्या वस्तूचा लोभ धरू नये, या शेवटच्या आज्ञेला कलम नाही. ती मोडताना पंच नसतात, पुरावा नसतो. मात्र उभ्या नोकरीत कितीतरी गुन्ह्यांचा माग मागे मागे काढत गेलो, तेव्हा तिथंच जाऊन पोचलो. पोलीस येईपर्यंत फार उशीर झालेला असतो, हे या केसनं मला कायमचं शिकवलं.

दोषारोपपत्र दाखल झालं. झाडं मात्र उपटावीच लागली. फिर्यादीनं चर्चमध्ये सगळ्यांसमोर त्याला माफ केलं. काही महिन्यांनी तारखेला आरोपी कोर्टाच्या आवारात भेटला. पार खंगला होता.

मी म्हणालो, "त्यानं माफ केलं ना? आता तरी मन शांत ठेवा."

"माफ केलं न् तो सुखानं झोपते, साहेब. मी रोज त्याच्या घराकडं पाह्यत बसतो. आता मले त्याची झोप पाह्यजे."